अठरा तास आणि दोन तास
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले व्याख्यान)



आताच आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. पाचवे शील म्हणताना 'पमादट्ठाना' हा शब्द आपल्या तोंडून रोज जातो. त्याचा अर्थ आपण दारू एवढाच घेतो. दारूपायी आपल्या माता-भगिनींनी काय काय भोगले हे पाहता ते साहजिकही आहे. पण शब्द नीट बघा. पमाद म्हणजे गाफीलपणा. दारू वाईट कशासाठी, तर ती माणसाला गाफील करते म्हणून. मग दारूला कधी न शिवलेला माणूस रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर बोट फिरवीत पडला असेल, तर त्याला सावध म्हणायचे काय?

हे आम्ही फक्त पोरांना सुनावण्यासाठी बोलत नाही. आपल्या अभ्यासिकेच्या दाराशी आम्ही एक टोपली ठेवली. मोबाईल तिच्यात टाकायचा आणि मगच आत बसायचे, असा नियम केला. पोरांनी तो पाळला. चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीत कार्यकारिणीची बैठक भरली आणि भिंतीपलीकडून आमच्याच मोबाईलवरचे व्हिडिओ पोरांना ऐकू जाऊ लागले. एक मुलगी उठून आली आणि म्हणाली, "काका, टोपलीत अजून जागा आहे." बस, एवढेच. आम्हाला उत्तर सुचले नाही.

ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांत तथागतांनी उद्धच्च-कुक्कुच्च सांगितले आहे. म्हणजे मनाची चलबिचल आणि मागाहूनची रुखरुख. आज दोन्ही एकाच यंत्रात मिळतात. बघताना चलबिचल, आणि बघून झाल्यावर वेळ गेल्याची रुखरुख! तेव्हा रोग जुनाच आहे, दुकान तेवढे नवे निघाले.

घरात जागा नाही, शांतता नाही, अभ्यास कसा करायचा, असे पोरे विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण परळच्या डबक चाळीतली ती एक खोली आठवा. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच. सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत स्वतः जागत आणि मग भीमरावांना अभ्यासाला उठवीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते याच दिव्याच्या उजेडात. आम्हाला या गोष्टीत मुलापेक्षा बाप जास्त दिसतो. मुलाला अभ्यास कर म्हणून सांगून त्यांनी स्वतः ताणून दिली नाही.

बाबासाहेबांच्या अभ्यासाला अभिवादन म्हणून ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आपल्याकडेही झाला. चांगला उपक्रम आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत कोण होते? चौघे. बाकीची पोरे थकून झोपली होती, आणि आठवडाभर वही उघडली गेली नाही.

इथे सोण भिक्खूची गोष्ट आठवते. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातला हा मुलगा, राजगृहाजवळ शीतवनात राहून साधना करी. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त मुक्त होईना. तेव्हा घरी परत जावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा, दान करावे, असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे गेले. रागावले नाहीत. तू पूर्वी वीणा वाजवायचास ना, असे त्यांनी विचारले. तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? ढिली सोडली तर? सोण दोन्ही वेळा नाही म्हणाला. मग वीर्यही, म्हणजे तुझा प्रयत्नही, तसाच बेताचा ठेव, असे त्यांनी सांगितले. याच राजगृहाचे नाव बाबासाहेबांनी दादरच्या आपल्या ग्रंथांनी भरलेल्या घराला दिले.

आमची तार कशी आहे? एक दिवस अठरा तास ताणायची आणि उरलेले वर्ष ढिली. आम्हाला वाटते, रोजचे दोन तास धरावेत, पण अखंड. झोप मोडून नव्हे. वाढत्या वयाच्या पोराला झोप लागतेच, आणि ती मोबाईल खातो, अभ्यास नव्हे.

आता थोडे कडू बोलतो. जयंतीची मिरवणूक आम्हालाही प्रिय आहे. लेझीम आम्हीही खेळलो आहोत. पण विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, आणि बाबासाहेबांच्या अभ्यासाचे फलक लावलेल्या गल्लीतच तावदाने हादरवणारा डीजे आपण लावतो. त्यासाठी वर्गणी देणारे आपण, आणि निकाल लागला की पोराला बोल लावणारेही आपणच! पुढच्या जयंतीला डीजेचा पैसा अभ्यासिकेच्या पुस्तकांना द्यावा, अशी सूचना आम्ही बैठकीत मांडली आहे. तिला विरोध झाला, हेही लपवत नाही. विषय पुन्हा निघणार आहे, त्या दिवशी बायकांनीही यावे.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने रोज रात्री आठ ते दहा अभ्यासिका उघडी राहील. पोरे आपला अभ्यास करतील, मोठ्यांनी मागच्या बाकांवर बसून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचावा. मोठ्याने नको, मनात. टोपली दाराशीच आहे. या वेळी तिच्यात पहिला मोबाईल अध्यक्षांचा पडेल, असे त्यांनी त्या मुलीला सांगितले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!