गुडघ्यातली फाटलेली गादी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणावरून)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट बंद पडली तरी चौथ्या मजल्यावरची मंडळी गप्पा मारत जिना चढायची. हल्ली लिफ्ट बंद पडली की पहिला फोन सेक्रेटरींना जातो आणि दुसरा मला! म्हणून कमिटीनेच विषय दिला, गुडघा.

आपण सरसकट 'गादी झिजली' म्हणतो. झिजतं ते हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. मी आज बोलतोय ते मेनिस्कसबद्दल. मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. अंगाचा भार त्या वाटून घेतात. तरुणपणी त्या खेळताना फाटतात. पाय जमिनीवर रोवलेला आणि शरीर गर्रकन वळलेलं. आपल्या वयात उकिडवं बसून उठलं तरी पुरतं.

माझंच सांगतो. गेल्या गणपतीत मंडपातली सतरंजी उचलून वळलो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली. दुसऱ्या दिवशी सूज. एमआरआय केला, रिपोर्टात 'टेअर'. इतकी वर्षं पेशंटना धीर धरा म्हणणारा मी, पण स्वतःची फिल्म बघून मनात आलं, काढून टाकू एकदाचं!

मग माझ्या थोरल्या भावाची आठवण झाली. कॉलेजात फुटबॉल खेळताना त्याची कूर्चा फाटली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ती अख्खी काढली. तो महिन्या-दोन महिन्यांत पळायला लागला, घरात पेढे वाटले. पुढे तोच गुडघा लवकर झिजला आणि शेवटी बदलावा लागला. खरं तर कूर्चा काढलेल्या गुडघ्यात एक्स-रेवर बदल दिसतात, हे फेअरबँक नावाच्या सर्जनने १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं. सवयी बदलायला वेळ लागतो, सर्जनच्या सुद्धा.

आणि रिपोर्टाचं म्हणाल, तर अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढले होते. २००८ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांची कूर्चा फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता! म्हणून डॉक्टरने आधी हात लावून बघायला हवं. सांध्याच्या रेषेवर दाबून, गुडघा वाकवून, पिळून. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, पण झीज किती ते कळतं.

फिनलंडमध्ये तर कमालच केली. झिजून फाटलेली कूर्चा असलेले, पण संधिवात नसलेले १४६ पेशंट घेतले. निम्म्यांचा फाटका भाग दुर्बिणीतून कापला, उरलेल्यांना ऑपरेशन झाल्याचं नुसतं नाटक केलं. वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं.

मी तीन महिने फिजिओथेरपी केली. मांडीचे व्यायाम, रोज, कंटाळा येईपर्यंत. आज जिना चढतो. उकिडवं मात्र बसवत नाही, ते खोटं कशाला सांगू?

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. गुडघा मध्येच अडकला, सरळच होईना, तर व्यायाम करत बसू नका. फाटलेला तुकडा सांध्यात पाचरीसारखा अडकलेला असू शकतो. लगेच दाखवा. तसंच तुमच्या मुला-नातवंडांचं. कूर्चेच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथे फाटलं तर टाके घालून जुळू शकतं. आतल्या कडेला रक्त पोचत नाही, तिथे जुळणं अवघड. टाके घातले की खेळायला कित्येक महिने थांबावं लागतं आणि पोरं कुरकुर करतात. करू देत. नुसतं कापून पोराला लवकर मैदानात उतरवा म्हणणारे पालक भेटले की मी त्यांना माझ्या भावाची गोष्ट सांगतो.

बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि हो, कार्यक्रम संपल्यावर या सतरंज्या तरुण मंडळींनी उचलायच्या आहेत. मी फक्त खुर्चीवरून सूचना देणार.