अन्नाचे पुडके आणि निवाऱ्याचा हक्क
(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



बेंगळुरूच्या मॅजेस्टिक परिसरात आणि के. आर. मार्केटच्या आसपास रात्री उघड्यावर अंग टाकणारी माणसे बहुधा दिवसा याच शहराचे ओझे वाहत असतात. त्यांत हमाल असतात, बांधकाम मजूर असतात, कचरा वेचणाऱ्या स्त्रिया असतात. 2014 साली दिल्लीत सुरू झालेली आणि पुढे बेंगळुरूतही पोहोचलेली रॉबिन हूड आर्मी ही तरुणांची संघटना उपाहारगृहांत उरलेले चांगले अन्न अशा गोरगरिबांना नेऊन देते. ती पैशाची देणगी घेत नाही. स्वयंसेवक देतात तो आपला वेळ.

या कामाला भूतदया म्हणून हिणविण्याची सवय काही कार्यकर्त्यांना आहे. ती टाकून दिली पाहिजे. भुकेल्या माणसाला समाजपरिवर्तनापर्यंत थांबण्यास सांगता येत नाही. मात्र अन्नाचे पुडके देताना एक प्रश्नही विचारला गेला पाहिजे: हा माणूस रस्त्यावर आला कसा?

एजीपुऱ्याने त्याचे एक उत्तर दिले आहे. जानेवारी 2013 मध्ये तेथील महापालिकेच्या जमिनीवरून सुमारे 1,500 गरीब कुटुंबांना बुलडोझर लावून हुसकावण्यात आले. खाजगी कंपनीच्या भागीदारीत त्या जमिनीचा विकास होणार होता. त्यात मॉलही होता. कित्येक कुटुंबांनी लगतच्या पदपथावरच संसार मांडला. बेघरपण हे कपाळी लिहिलेले नसते. ते घडविले जाते.

आणि घडविल्यावर त्याला गुन्हा ठरविले जाते. कर्नाटकाच्या 1975 च्या भिक्षाबंदी कायद्याखाली मालमत्ता करावर शेकडा 3 उपकर बसविण्यात आला आणि रस्त्यावरच्या माणसांना पकडून केंद्रात ठेवण्याची सोय झाली. मागडी रस्त्यावरील अशाच केंद्रात ऑगस्ट 2010 मध्ये काही दिवसांत वीसहून अधिक माणसे दगावली.

याउलट हक्काची भाषा मुंबईच्या पदपथवासीयांनी न्यायालयात नेली. ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालाने नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला, हे विसरता कामा नये. पुढे 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरांतील दर लाख लोकसंख्येमागे किमान 100 माणसांचा कायम निवारा असावा, असा दंडक घातला. 2011 च्या जनगणनेत बेंगळुरू महापालिकेची लोकसंख्या सुमारे 84 लाख होती. त्या हिशेबाने 84 निवारे आणि 8,400 जागा झाल्या. शहर तर त्यानंतरही वाढतच गेले.

स्वयंसेवकांचे खरे बळ येथे आहे. कोणत्या पुलाखाली किती कुटुंबे झोपतात, त्यांत स्त्रिया व मुले किती, जवळचा निवारा किती दूर, त्याचे दार रात्री उघडे असते की नाही, ही माहिती रात्री हिंडणाऱ्या तरुणांना जितकी मिळते तितकी कचेरीत बसणाऱ्याला मिळत नाही. ती वहीत उतरवावी, बेघरांनाच सोबत घेऊन महापालिकेपुढे मांडावी आणि निवाऱ्याचा जाब विचारावा.

अन्नाचे पुडके एका रात्रीची भूक भागविते. ते घेणारा आणि देणारा एकत्र उभे राहिले, तर पुढच्या रात्रीसाठी छप्पर मागता येते.