ब्रेक बसला तर दाद कोणाकडे?

(तामलवाडी येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाच्या बैठकीत विजेच्या दुचाकीचे काय काम, असे विचाराल. पण पेट्रोल परवडेना म्हणून आपल्यातल्या कितीकांनी ती घेतली आहे, आणि सोलापूरच्या रस्त्यावर ब्रेक लागला नाही तर भाव मागायला माणूसच उरत नाही.

फवारणीच्या पंपात हवा शिरली की दांडा कितीही मारा, दाब धरत नाही. डिस्क ब्रेकचे तसेच. हँडलवरच्या डबीतले तेल दाब चाकापर्यंत नेते. तेल गळाले, हवा शिरली की लिव्हर मऊ पडते. त्या दिवसापासून गाडी उभी करा. डॉट-४ तेल ओलावा पिते. नवे किमान २३० अंशांपर्यंत टिकते, ओलावलेले १५५ च्या पुढे उकळू शकते. दोन वर्षांनी बदला. डबीवर डॉट लिहिले असेल तर दुसरे तेल घालू नका, रबरे फुगतात.

चालत्या गाडीचा ब्रेक गेला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, लिव्हर भराभर दाबा-सोडा, दुसरा ब्रेक धरा. मोटरच्या ब्रेकवर विसंबू नका. बॅटरी भरलेली असली की तो बहुधा लागत नाही.

विकताना गोड बोलणारा दुकानदार पुढे "पार्ट येत नाही" म्हणतो. बियाण्याच्या दुकानातही हेच ऐकतो ना आपण! २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पावती जपा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.