आधी ब्रेक, मग वेग
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीतील तरुणांसमोर केलेले भाषण)

बँकेत असताना मी मोटारसायकलींची कितीतरी कर्जं मंजूर केली. पगाराचा दाखला पाहिला, जामीनदार पाहिला. पण ‘तुला ब्रेक मारता येतो का?’ हे एकालाही विचारलं नाही. ते आज तुम्हाला विचारतो.

लर्निंग लायसन्सनंतर 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. ते दिवस मोकळ्या मैदानात सरावाला द्या. घाबरून नुसता मागचा ब्रेक दाबू नका. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक दाब वाढवत लावा. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते, म्हणून अंतर ठेवा. पहिल्या पावसात रस्ता तेलकट होतो, तेव्हा आणखी सावकाश. कळंबोलीला कंटेनरच्या बाजूने घुसू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. आणि आरशाला टांगलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही, पट्टा लावा.

कर्जाचा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात भरता येतो. इथं ती सोय नाही. कर्नाळ्याला जरूर जा, पण संध्याकाळी आपल्या गेटमधून आत या. घरचे वाट बघत असतात.