मीटर फिरला की भाडे, पण भाव कुणाच्या अंगावर?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत ट्रकचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. आपली किती पोरे शेत सोडून स्टिअरिंगवर बसली आहेत ते एकदा मोजा. कोरडवाहू ज्वारी-कपाशीवर दोन भावांचे भागत नाही. एक शेतात राहतो, दुसरा मुंबई-आग्रा रस्त्याला लागतो.

गाडी घ्यायची म्हणजे फायनान्सचा हप्ता. गाठींचा हंगाम दिवाळी ते होळी, हप्ता मात्र बारा महिने. पावसाळ्यात गाडी झाडाखाली उभी आणि दोन हप्ते थकले की वसुलीवाले दारात. यावर उतारा म्हणून किलोमीटरचे भाडे सुचवले जाते. गाडी मालकाची, चालवणारा आपला पोरगा. चाक फिरेल तितकेच भाडे, गाडी उभी तर भाडे नाही.

ऐकायला बरे वाटते. रोख खंडापेक्षा निमबटाई बरी, तसे. पण ही निमबटाई नव्हे. निमबटाईत मालक अर्धा कापूस घेतो, म्हणून भाव पडला की त्याच्याही खिशाला झळ लागते. किलोमीटरच्या भाड्यात तो फक्त अंतर वाटून घेतो, भाव वाटून घेत नाही.

हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. धुळे-सुरत जाऊन येऊन ५०० किलोमीटर. गाडीभाडे किलोमीटरला १२ रुपये, म्हणजे ६,०००. लिटरला चार किलोमीटर धरले तर १२५ लिटर डिझेल, ९० रुपयांनी ११,२५०. टोल २,०००. एकूण खर्च १९,२५०. मालाचे भाडे २२,००० मिळाले तर हातात २,७५० राहतात. येताना गाडी रिकामी आली तरी मीटर फिरतोच, हे यात आलेच. आता मालाचे भाडे १९,००० वर आले. पोराला २५० रुपये घरातून घालावे लागले. मालकाचे ६,००० जिथल्या तिथे. पोराची मजुरी तर आपण धरलेलीच नाही. शेताच्या हिशेबातही आपण ती विसरतो, ही आपली जुनी खोड.

आणि भाडे पडते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या अ‍ॅक्सलवरची वजनमर्यादा वाढवली. त्याच गाड्यांतून जास्त माल न्यायची मुभा मिळाली, म्हणजे बाजारात गाड्यांची आवक वाढल्यासारखेच झाले. आवक वाढली की काय होते ते मार्केट यार्डात उभे राहणाऱ्यांना मी काय सांगणार?

मोठ्या मालकांना हे पुरते कळते. एसटीने २०१७ साली शिवशाही आणली, तेव्हा त्यातल्या अनेक गाड्या खासगी मालकांच्या, किलोमीटरमागे भाड्याने घेतलेल्या होत्या. शहरांतल्या विजेच्या बसच्या करारांत तर किमान किलोमीटरांची हमी असते. बस कमी धावली तरी काही पैसे द्यावेच लागतात. बसमालकाने हमी मागितली तर तो व्यवहार, आपण कापसाला मागितली तर आपल्याला अर्थशास्त्र शिकवतात!

दुसरी अट याहून वाईट. गाडी ज्याची, माल त्याचाच न्यायचा. कर्ज देणारा आणि कापूस मोजून घेणारा एकच असला की काटा कुणाच्या बाजूला झुकतो? एकाधिकार खरेदीत सरकार एकच गिऱ्हाईक होते, तेव्हा शिरपूरचा कापूस सेंधव्याला नेणे गुन्हा ठरत होता. एकच गिऱ्हाईक म्हणजे काय ते आपण भोगले आहे. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने ट्रकभाड्याचे करार तपासायला एक समिती नेमली. माल देणारी कंपनीच गाडी भाड्याने देते आणि पुढे मालकीची आशा लावते, असे करार बंदच करावेत, अशी शिफारस तिने जानेवारी २०२५ मध्ये केली.

मी किलोमीटरच्या भाड्याच्या विरोधात नाही. उभ्या गाडीचा हप्ता त्याहून घातक. पण मागायचे ते हे: मालाच्या भाड्यातला ठरीव हिस्सा मालकाने घ्यावा. ते नसेल तर रिकाम्या किलोमीटरला कमी दर हवा आणि माल कुणाचाही नेण्याची मोकळीक हवी. टायर, विमा, परमिट कुणाकडे ते कागदावर लिहून घ्या. मीटरची नोंद दोघांच्या वहीत, दोघांच्या सहीने. एकटा पोरगा हे मागेल तर मालक दुसरा पोरगा शोधेल. म्हणून ज्याच्या घरात असा कागद आला असेल त्याने सही करण्याआधी तो पुढच्या बैठकीला आणावा. पाच-दहा कागद जमले की मालकांशी बोलायला आपण सगळे मिळून जाऊ.