ध्वनिक्षेपकाची शिट्टी



समारंभ दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात असो वा शाळेच्या मांडवात, शिट्टीचे शास्त्र एकच. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरतो, वाढून बाहेर पडतो. प्रत्येक फेरीत वाढतच गेला की एखादा सूर किंचाळू लागतो. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

शिट्टी ऐकताच बालवक्ता दचकतो, मागे सरतो, जाळीवर हात ठेवतो. बिघडते ते येथेच. तोंड दूर गेले की यंत्रावरचा माणूस आवाज चढवतो. जाळी झाकली की मागून येणारा आवाज टाळण्याची ध्वनिक्षेपकाची शक्ती लोपते. उलट, तोंड निम्म्या अंतरावर आणल्यास मूळ आवाजच सुमारे ६ डेसिबलने वाढतो. कर्णे वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे वळवलेले असावेत. नको असलेले ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत.

अखंड घुमणारी गुणगुण मात्र निराळी. ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची; तेथे अर्थिंग तपासावे, ध्वनिक्षेपकाच्या तारा वीजतारांपासून दूर न्याव्यात.

आणि हळू आवाजाच्या मुलीला ‘मोठ्याने बोल’ असे बजावण्याआधी, कोणी तरी उठून ध्वनिक्षेपकाचा दांडा तिच्या उंचीला आणावा.