परतीच्या पावसातले डोंगर
(शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नवरात्रात कळसूबाईच्या शिखरावर यात्रा भरते आणि बारी गावातून वर जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. त्याच सुमारास साल्हेर, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या वाटाही गजबजतात. पठारं सोनकीने पिवळी झालेली असतात, धुकं विरळ होऊन लांबच्या डोंगररांगा दिसू लागतात. सह्याद्री पाहावा तो याच दिवसांत. पण या दिवसांत माथा सकाळीच गाठावा आणि दुपारच्या आत उतरणीला लागावं, एवढंच आज मला आपल्याला कळकळीने सांगायचं आहे.

जुलैचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो. वारा पश्चिमेचा, पाऊस संततधार. विजा मात्र कमी. सप्टेंबरच्या मध्यानंतर मोसमी पाऊस राजस्थानातून माघार घेऊ लागतो आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातून निघतो. पश्चिमेच्या वाऱ्याचा जोर ओसरतो, आकाश उघडतं, ओल्या जमिनीवर कडक ऊन पडतं. दमट हवा तापून वर चढते आणि डोंगर तिला आणखी वर रेटतो. सकाळी अकराला कापसाच्या पुंजक्यासारखा दिसणारा ढग दुपारी तीनपर्यंत काळाकभिन्न होऊन गडगडू लागतो. हस्त नक्षत्रातल्या या पावसाला शेतकरी हत्तीचा पाऊस म्हणतात.

हा पाऊस बहुतेकदा पूर्वेकडून, देशावरून येतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण पश्चिमेकडे तोंड करून बसतो. समोर कोकण लख्ख दिसत असतं आणि ढग पाठीमागे भरत असतात. म्हणून या ऋतूत मधूनमधून मागे वळून पूर्व दिशा पाहण्याची सवय लावून घ्या.

आता कळसूबाईच्या शिड्या डोळ्यांसमोर आणा. १६४६ मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या, दोन्ही हातांना लोखंडी कठडे, चढणारे-उतरणारे एकाच जागी खोळंबलेले. अशा वेळी वीज कडाडली तर पुढे सरकता येत नाही की मागे फिरता येत नाही. दुपारची ती गर्दी टाळायची तर पहाटेच पायथा सोडायला हवा.

वीज किती लांब आहे, हे कळायला यंत्र लागत नाही. चमक दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग माथा, धार, एकटं झाड आणि लोखंडी कठडे सोडून खाली या. उथळ कपारीत शिरू नका; कातळावरून वाहणारा विजेचा प्रवाह तिथेही पोहोचतो. सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभं राहू नये, अंतर ठेवावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाव काढू नये. निघण्यापूर्वी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप पाहावं. पण डोंगरात रेंज जाते, तेव्हा आपले डोळे-कान उघडे हवेत.

ओढ्यांचंही तसंच. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर कोसळलेला पाऊस नळीतून थोड्याच वेळात खाली येतो. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा दिसू लागला, की ओलांडायचं नाही; थांबायचं. उन्हाने वाळलेला कातळ पायाला पकड देतो, पण चार पावलांवर सावलीत तोच कातळ शेवाळाने निसरडा असतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे सहा अंशांनी उतरतं. भिजलेल्या अंगाला माथ्यावरचा वारा झोंबला की धडधाकट माणसालाही हुडहुडी भरते. सॅकमध्ये कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलेच असावेत.

मंडळी, परत फिरण्याची वेळ पायथ्यालाच ठरवा. वर गेल्यावर शिखर हाकेच्या अंतरावर दिसतं आणि "आणखी दहाच मिनिटं" असं मन म्हणू लागतं. तो निर्णय थकलेल्या मनावर सोडू नये. गावातला वाटाड्या "आता नको" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याने आयुष्यभर हेच आभाळ पाहिलेलं असतं.

मोहिमा काढणाऱ्या संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या पत्रकात निघायची वेळ छापता, जेवणाचा बेत छापता. तिथेच परत फिरण्याची वेळही ठळक अक्षरांत छापा. आणि ती झाली की शिखर दहा पावलांवर असलं तरी सगळ्यांना घेऊन खाली उतरा.